मन सावरले, देहाकडे कोण पाहणार?

छिन्नमनस्कतेवरच्या औषधांनी हजारो घरांत शांतता आणली. पण त्या घरांत मधुमेह आणि हृदयविकार मागच्या दाराने शिरतो आहे. त्याला अडवणे घरच्यांच्या हाती बरेच आहे.

आजऱ्याचे नाव घेतले की कोल्हापूरकराला आधी घनसाळ तांदळाचा वास आठवतो, मग काजू, मग रामतीर्थापाशी खडकांवरून उतरणारी हिरण्यकेशी. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंतांचे हे गाव. संकेश्वरहून गडहिंग्लजमार्गे आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख २० हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, असते. हेच प्रमाण आजऱ्याला लावले तर या एका तालुक्यात चारशेच्या आसपास माणसे, आणि तितकीच घरे, या आजाराशी झुंजत असणार. हा आकडा घरोघर फिरून मोजलेला नाही, हिशेबाने आलेला आहे. तरीही तो वाचताना आपल्या गल्लीतले किंवा भावकीतले एखादे नाव मनात आले नाही, असा वाचक विरळाच.

या घरांची पहिली लढाई आता पुष्कळांना ठाऊक आहे. चांगला शिकता-सवरता मुलगा एकाएकी गप्प होतो, एकटाच पुटपुटतो, कानात कोणी बोलते म्हणतो, शेजाऱ्यांवर संशय घेतो. मग देवऋषी, अंगारे-धुपारे, उतारे यांत महिने जातात. शेवटी कोणी शहाणा माणूस सांगतो आणि गाडी गडहिंग्लजच्या किंवा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरच्या कोल्हापूरच्या रस्त्याला लागते. मनोविकारतज्ज्ञ गोळ्या देतात. काही आठवड्यांत आवाज मंदावतात, झोप लागते, मुलगा माणसांत येतो. घर मोकळा श्वास घेते.

हा विषय मराठी माणसाने उघडपणे बोलावा म्हणून पुष्कळ प्रयत्न झाले. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरात, पत्नीच्या रूपाने, हा आजार पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' चित्रपट आला आणि अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला रुग्ण घराघरांत पोहोचला. आजाराचे नाव, त्याची लक्षणे, औषधे नियमित घेण्याची गरज हे सारे त्यामुळे लोकांना कळू लागले. या कहाणीचा दुसरा भाग मात्र अजून फारसा कोणी सांगत नाही. तो भाग मनाचा नाही, देहाचा आहे.

भरले ताट आणि वाढते पोट

आजार ऐन भरात असताना कित्येक रुग्णांना वाटते की आपल्या जेवणात कोणी काही कालवले आहे. ताट ढकलून दिले जाते, मुलगा वाळत जातो आणि आई रडते. असा मुलगा औषधांनंतर पहिल्यांदा पोटभर जेवतो, वर "आई, आणखी एक भाकरी" म्हणतो, तेव्हा त्या माउलीला काय वाटत असेल! "चार घास खातंय न्हवं लेकरू, खाऊ दे की," असे ती म्हणते, आणि त्यात तिचे काही चुकते असे कोण म्हणेल?

पण चार महिन्यांत शर्टाची बटणे लागेनाशी होतात. सहा महिन्यांत पोट पुढे येते. दोन भाकऱ्यांच्या जागी चार, भाताचा डोंगर, चहाचे पाच-सहा कप आणि मध्येच फरसाण. गावातले लोक म्हणतात, "तब्येत सुधारली." खरे म्हणजे ती सुधारलेली नसते. रक्तातील साखर, रक्तदाब आणि चरबी या तिन्ही गोष्टी हळूहळू वर सरकत असतात. अन्नाचे शक्तीत रूपांतर करण्याच्या शरीराच्या कारभाराला चयापचय म्हणतात. तोच कारभार बिघडू लागलेला असतो.

हे किती गंभीर आहे? निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. छिन्नमनस्कतेमुळे माणसाच्या आयुष्यातून सरासरी साडेचौदा वर्षे वजा होतात, असे त्यात दिसले. आत्महत्या हे त्याचे एक कारण आहेच, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. पण यातले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार अशा शारीरिक दुखण्यांनी होतात. ज्याला मनाच्या वादळातून बाहेर काढले, तो पन्नाशीच्या आत हृदयविकाराने जावा, यासारखे दुर्दैव नाही.

मेद येतो तीन वाटांनी

पहिली वाट औषधांची. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले आणि मनोरुग्णालयांचे चित्र पालटले. पुढे नवी औषधे आली. क्लोझापिनने पांढऱ्या पेशी घटून १९७५ साली फिनलंडमध्ये मृत्यू झाले, म्हणून ते मागे पडले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना त्याने गुण येतो, असे १९८८ मध्ये सिद्ध झाल्यावर ते परत आले. १९९६ मध्ये ओलान्झापिन बाजारात आले. जुन्या औषधांनी हात थरथरणे, अंग ताठणे असे त्रास होत. ते या नव्या औषधांत कमी झाले. पण नवी किंमत पुढे आली. १९९९ साली अमेरिकेत झालेल्या एका एकत्रित हिशेबात दहा आठवड्यांत क्लोझापिनने सरासरी साडेचार किलो, ओलान्झापिनने चार किलोंहून थोडे अधिक आणि रिस्पेरिडोनने दोन किलो वजन वाढल्याचे आढळले. ही औषधे मेंदूतील भूक आणि तृप्ती यांच्या खुणांवरही परिणाम करतात. पोट भरल्याची वर्दी मेंदूला उशिरा पोहोचते. म्हणून रुग्ण "हावरट" झालेला नसतो, त्याला खरोखरच भूक लागलेली असते. घरच्यांनी हे एवढे ध्यानात ठेवले तरी ताटावरची निम्मी भांडणे मिटतील.

आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. रांचीच्या केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेतील डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वी कधीच औषध न घेतलेल्या नव्या रुग्णांचे तीन गट करून प्रत्येक गटाला वेगळे औषध दिले. अवघ्या सहा आठवड्यांत ओलान्झापिनच्या गटात दर चार-पाच रुग्णांमागे एकाचा चयापचय बिघडलेला आढळला. हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधाच्या गटात हे प्रमाण अगदी थोडे होते.

दुसरी वाट राहणीची. औषधांनी अंगावर झोप येते. आजारानेही उमेद खचते, माणूस कोपऱ्यात बसून राहतो. रोपलावणीला, काजू वेचायला घरातले सारे जातात, याला मात्र "तू बस बाबा घरी" म्हणून ठेवून जातात. त्यामागे माया असते, थोडी लोकलाजही असते. बसून बसून विडी आणि तंबाखू वाढते.

तिसरी वाट प्रकृतीची, म्हणजे रक्तातूनच आलेली. मानसिक आजार असलेल्या घराण्यांत मधुमेह अधिक दिसतो, असे इंग्लंडचे डॉ. हेन्री मॉड्स्ली यांनी १८७९ सालीच नोंदवले होते. तेव्हा आजची एकही गोळी जन्माला आलेली नव्हती. तरीही सारा दोष रक्तावर टाकून चालत नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे आजारी असूनही कधीच उपचार न मिळालेल्या रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध केली. त्यांच्यात लठ्ठपणा आणि चयापचयाचा बिघाड कमीच आढळला. म्हणजे बिघाड अटळ नाही. जे बाहेरून येते ते आवरताही येते.

बारीक दिसणारा माणूसही फसवतो

"आमचा मुलगा कुठे लठ्ठ आहे?" असे कोणी म्हणेल. याचे उत्तर पुण्यातच सापडलेले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे एक छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन पाहणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या लोकांचे हातपाय बारीक असतात आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. म्हणून भारतीय माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो.

त्यासाठी काट्याबरोबर टेपही हवा. आपल्याकडच्या पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हावे. त्याखेरीज चार गोष्टी पाहतात: रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, रक्तातील ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर आणि 'चांगले' कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या, स्त्रीत ५० च्या खाली. या पाचांपैकी तीन जुळले की त्याला डॉक्टर मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकार यांच्या वाटेवरचा तो मैलाचा दगड समजावा.

मग गोळ्याच बंद कराव्यात?

हे सारे वाचून "रोगापेक्षा औषध भयंकर" असे म्हणत गोळ्या बंद करण्याचा मोह होईल. तो टाळलाच पाहिजे. फिनलंडमध्ये १९९६ ते २००६ या काळातील ६६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषध न घेणाऱ्यांपेक्षा दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचे मृत्यू कमी होते. विशेष म्हणजे वजन सर्वांत जास्त वाढवणाऱ्या क्लोझापिनच्या रुग्णांत ते सर्वांत कमी होते. कारण मन ताळ्यावर असलेला माणूस जेवणखाण, झोप, दवाखाना सांभाळतो. आजार उलटलेला माणूस रस्त्यावर येतो. चेन्नईचे ते उपचाराविना राहिलेले रुग्ण बारीक होते, पण सुखी होते असे नव्हे.

तेव्हा प्रश्न "गोळी की तब्येत" असा नाहीच. गोळी चालू ठेवायची आणि तब्येतीवर पहारा बसवायचा, हाच मार्ग आहे. वजन वाढते म्हणून गुपचूप गोळी थुंकून टाकणाऱ्या तरुण रुग्णाला, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलीला, रागावून उपयोग नाही. तिची तक्रार खरी आहे. ती डॉक्टरांपुढे मांडण्याचे काम घरच्यांनी करावे.

टेप, काटा आणि वही

पहारा कसा बसवायचा? २००४ साली अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार या दोन्ही क्षेत्रांतील तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून वेळापत्रक आखले. आजऱ्यातल्या घरालाही ते पाळता येण्यासारखे आहे. औषध सुरू करताना वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी यांची नोंद करावी. वजन चार, आठ आणि बारा आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी पाहावे. रक्तदाब व रक्ताच्या तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा कराव्यात आणि पुढे निदान वर्षातून एकदा. मूळ वजनात पाच टक्के भर पडली, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे वजन तीन किलोंनी वाढले, की डॉक्टरांना सांगायलाच हवे. वाट पाहिली तर तीनाचे तेरा होतात, आणि तेरा किलो उतरवणे तीन उतरवण्याइतके सोपे नसते.

यासाठी शाळेची एक जुनी वही पुरे. तारीख, वजन, घेर, रक्तदाब, साखर असे रकाने आखावेत. वही रुग्णाच्याच हाती द्यावी. तब्येत त्याची आहे. क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी तपासण्यासाठी सुरुवातीला वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातल्याच एका खेपेला साखरेची तपासणीही उरकता येते.

इथे आपल्या व्यवस्थेतली एक फट दिसते. रक्तदाब आणि मधुमेह शोधण्याच्या सरकारी मोहिमेत तीस वर्षांवरच्या माणसांची तपासणी होते. छिन्नमनस्कता मात्र बहुधा सोळा-सतरापासून तिशीच्या आत सुरू होते. बाविशीच्या मुलाला ओलान्झापिन सुरू झाले तर मोहिमेच्या यादीत त्याचे नाव यायला आठ वर्षे लागतील. म्हणून कोणी बोलावण्याची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात आपणहून जावे आणि "याला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत, साखर आणि बी.पी. पाहा" असे स्पष्ट सांगावे. त्यात लाज कसली?

चुलीपासून शिवारापर्यंत

मोठी पथ्ये टिकत नाहीत, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आजऱ्याच्या घरातून घनसाळचा भात काढा म्हणणे म्हणजे घरच उठवणे. पण भाताआधी पालेभाजी, उसळ किंवा आमटीची वाटी पोटात गेली तर भात आपोआप कमी लागतो. भाकरी नाचणीची असेल तर उत्तम. ती आपल्याच मातीतली आहे. जेवणाची वेळ ठरलेली असावी आणि ताट एकदाच वाढून घ्यावे. भूक मध्येच उसळली तर फरसाणाऐवजी काकडी, ताक, भाजलेले चणे हाताशी असावेत. सर्वांत मोठा फरक पडेल तो चहाने. दिवसाचे सहा कप आणि कपात दोन चमचे साखर म्हणजे रोज बारा चमचे! ऊस-गुळाच्या मुलखात चहा गोडच लागतो, हे खरे. पण गुळाचा केला तरी साखरेचा हिशेब फारसा बदलत नाही. कप दोनवर आणावेत. तहान लागली की बाटलीबंद गोड पेयांऐवजी पाणी द्यावे. काही औषधांनी तोंड सुकते, तेव्हा हे विशेष महत्त्वाचे. आणि हे पथ्य साऱ्या घराने पाळावे. बाकीच्यांनी भजी खायची आणि एकट्या रुग्णाला काकडी द्यायची, ही शिक्षा झाली.

हालचालीसाठी व्यायामशाळा नको. पाणंदीने रोज अर्धा तास कोणीतरी सोबत चालावे. जनावरांना पाणी दाखवणे, वैरण आणणे, काजूच्या दिवसांत बोंडू वेचणे अशी झेपतील ती कामे त्याच्याकडे सोपवावीत. त्यातून घाम निघतो आणि "मी घरच्या उपयोगी आहे" ही भावना परत येते. अशा रुग्णांकडून हे होत नाही, हा समज अमेरिकेतील मेरीलँड राज्यात खोटा ठरला. तिथे गंभीर मानसिक आजार असलेल्या २९१ जणांवर झालेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकत्र व्यायाम आणि आहाराच्या साध्या सूचना मिळालेल्या गटाचे वजन दीड वर्षात दुसऱ्या गटाहून सरासरी ३.२ किलोंनी अधिक उतरले. आकडा लहान वाटेल, पण वजन चढत असताना ते उतरवणे ही लहान गोष्ट नव्हे.

विडी-सिगारेटबद्दल एक खास सूचना. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जाते. विडी सोडणे हृदयासाठी फार चांगले, परंतु ती एकदम सुटली तर औषधाची रक्तातील मात्रा वाढते. म्हणून विडी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. ते गोळीचे माप ठरवतील.

डॉक्टरांशी बोलताना

घरच्यांचे प्रयत्न अपुरे पडले तर डॉक्टरांच्या हातीही उपाय आहेत. काहींना अॅरिपिप्राझोलसारखे वजन कमी वाढवणारे औषध चालू शकते. चीनमध्ये १२८ रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त गोळी आणि आहार-व्यायाम दोन्ही मिळालेल्या गटाचे वजन सर्वाधिक उतरले. ही गोळी सर्वांना चालत नाही, दुकानातून आपल्या मनाने आणायची तर मुळीच नाही. पण "वजन फार वाढते आहे, काही करता येईल का?" हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आणखी एक सावधगिरी. मनोरुग्णाने "छातीत दुखते" म्हटले की "याला काहीबाही वाटते" म्हणून सोडून देण्याची सवय घरात असते आणि कधी कधी दवाखान्यातही. तक्रार शरीराची असेल तर तपासणी शरीराचीच झाली पाहिजे, ई.सी.जी. काढायला हवा असा आग्रह धरावा. मनाचे डॉक्टर एका गावी, देहाचे दुसऱ्या, आणि रुग्ण दोघांच्या मध्ये, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय असो, कोल्हापूरचे सी.पी.आर. असो, की घाटाखालचे रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय असो, ती शाळेची वही सोबत न्यावी. दोन्ही डॉक्टरांना तीच दाखवली की दोघांना पुरा रुग्ण दिसेल. घरबसल्या सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आपल्याकडे वेड लागलेल्या माणसाला एके काळी साखळीने बांधत. ते दिवस सरत आले, याचे श्रेय औषधांना, डॉक्टरांना आणि सोसणाऱ्या घरांना आहे. आता त्याला जगवण्याची वेळ आहे, आणि जगणे म्हणजे नुसते शांत बसणे नव्हे. आपल्या ओळखीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर पुढच्या भेटीत "गोळ्या घेतोस ना?" एवढेच विचारून थांबू नका. "वजन कधी केलेस? साखर कधी पाहिलीस?" हेही विचारा. आणि "चल, जरा फिरून येऊ" म्हणत त्याला सोबत घेऊन बाहेर पडा.